अलॉय व्हील्सवर सिरॅमिक कोटिंग करण्याआधीची साफसफाई

रिमझिम_वारजे

"कोटिंग कोणतं घेऊ" हा प्रश्न इथे सतत येतो, "चाक धुवायचं कसं" हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून हा धागा फक्त आधीच्या कामाचा. ब्रँडवरून भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा, तिथे मीही येतो.

कोटिंगचा थर फार तर एखाद-दोन मायक्रॉनचा. तो रिमच्या क्लिअरकोटला (रंगावरच्या पारदर्शक थराला, थोडक्यात क्लिअर) धरायला हवा. मध्ये ब्रेकची धूळ, दामर (डांबर), टायर पॉलिशचं सिलिकॉन किंवा पाण्याचे क्षार राहिले, तर तो त्यांना धरतो आणि ते सुटले की त्यांच्याबरोबर निघून जातो. मग दोन महिन्यांत पाणी घसरायचं बंद होतं आणि शिव्या बाटलीला बसतात.

ब्रेकची धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. पॅड आणि बिडाची डिस्क घासून निघालेले लोखंडाचे कण तापलेले असतानाच रिमवर बसतात, क्लिअरकोटमध्ये रुततात आणि ओल लागली की तिथेच गंजतात. शाम्पूने वरची काळी पूड जाते, रुतलेला कण जात नाही.

चार चाकांसाठी लागणारं सामान: आयर्न रिमूव्हर ५०० मिली, टार रिमूव्हर २०० मिली, ऑल पर्पज क्लीनर १०० मिली (१ भागाला ५ भाग पाणी), पीएच न्यूट्रल (ना आम्ल, ना अल्कली) शाम्पू, क्ले बार (रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) ५० ग्रॅम, आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए) २०० मिली, दोन बादल्या, जुनी मायक्रोफायबर फडकी आठ-दहा (चाकाचं फडकं परत बॉडीवर न्यायचं नाही), नायट्राइल हातमोजे, टॉर्च. ब्रश तीन: मऊ केसांचा एक, स्पोकच्या मागे जाणारा लांब लवचिक एक, टायरसाठी कडक एक. तारेची घासणी आणि स्कॉचब्राइट घरातच राहू द्या. ब्रश, स्प्रे बाटल्या, बादल्या पुण्यात बोहरी आळीत स्वस्त मिळतात. क्ले आणि आयर्न रिमूव्हर ऑनलाइनच मागवावं लागतं.

काम सुरू करताना चाक हाताला गार लागलं पाहिजे. घाट उतरून आलात तर तासभर तरी थांबा. तापलेल्या रिमवर केमिकल सेकंदात सुकतं आणि त्याचे डाग पडतात.

सुरुवात टायरपासून. टायरवरचा तपकिरी थर आणि जुनं पॉलिश ऑल पर्पज क्लीनरने घासा, तपकिरी फेस पांढरा होईपर्यंत, साधारण दोन-तीन वेळा. रिम आधी केली तर टायरची घाण परत तिच्यावर ओघळते. मग साधं पाणी, शाम्पू, पुन्हा पाणी. एक चाक पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका.

आता आयर्न रिमूव्हर. पुढच्या एका चाकाला आतून-बाहेरून मिळून १०० ते १२० मिली लागतो. ३ ते ५ मिनिटं ठेवायचा, मध्ये एकदा मऊ ब्रशने हलवायचा आणि सुकायच्या आत धुवायचा. मग टार रिमूव्हर फक्त डागांवर, फडक्यावर घेऊन. मग भरपूर शाम्पूच्या पाण्यात हलक्या हाताने क्ले. शेवटी पुन्हा धुवून पूर्ण कोरडं करायचं आणि आयपीएने पुसायचं.

आपण थांबायचं कधी? पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून रिमवरून बोटं फिरवा. नुसत्या बोटांना न कळणारी खरखर पिशवीतून लगेच कळते.

---

नटबोल्ट_नाना

वाखुसा (वाचनखूण साठवली). एक भर घालतो.

आयर्न रिमूव्हर लोखंडाला लागला की जांभळा होतो. हे जांभळं पाणी बंद होईपर्यंत मारत राहायचं असं बरेच जण समजतात. त्यात एक फसगत आहे. स्प्रे स्पोकमधून आत डिस्कवर जातो. डिस्क मुळात बिडाची, तिच्यावर गंजाचा हलका थर कायमचाच. त्यामुळे डिस्क जांभळं पाणी सोडतच राहते आणि ते रिमच्या आतल्या बाजूवर ओघळतं. रिम स्वच्छ झाली असली तरी तुम्ही अर्धी बाटली डिस्कवर संपवता. तेव्हा रंग रिमच्या दर्शनी भागावर आणि आतल्या बॅरलवर (रिमच्या नळकांड्यासारख्या भागावर) कुठून सुरू होतो तेवढंच बघा.

दुसरं, आपल्याकडच्या बऱ्याच हॅचबॅकना मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतात. ब्रेक शू झिजल्याची पूड बरीचशी ड्रमच्या आतच राहते. मागच्या चाकाला ५०-६० मिली पुरतं. चौघांना सारखं वाटप करू नका.

---

पेठेतला_पाना

वॉशिंग सेंटरला "चाकं चकाचक करून द्या" म्हटलं की बिनलेबलच्या बाटलीतून काहीतरी मारतात आणि मिनिटात रिम लखलखते. बहुतेक वेळा ते अ‍ॅसिड असतं. कोटिंगच्या आधी एकदाच केलं तर काय बिघडलं, असा प्रश्न येणारच, म्हणून आधीच उत्तर देऊन ठेवतो.

शाबूत क्लिअरकोटवर पातळ अ‍ॅसिड पटकन धुतलं तर बहुधा काही दिसणार नाही. पण पुण्यात फुटपाथच्या कडेला न घासलेली रिम दाखवा मला. जिथे क्लिअर उडालंय तिथे अ‍ॅसिड उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर जातं, पांढुरका डाग पडतो, आणि तो डाग कोटिंगखाली कायमचा बंद होतो. डायमंड कट रिमच्या (दर्शनी भाग लेथवर कापून चकचकीत केलेल्या) धारेवर क्लिअर आधीच पातळ, तिथे तर नकोच. शिवाय नट, व्हॉल्व्ह, कॅलिपरचे बोल्ट यांच्यावर ते उडतं ते वेगळंच.

कडक अल्कलीचंही तेच. ग्रीस काढायचं कॉस्टिकवालं डीग्रीझर अ‍ॅल्युमिनियम खातं. स्वस्त म्हणून संडासाचं अ‍ॅसिड किंवा ओव्हन क्लीनर सुचवणाऱ्यांनी ते आधी स्वतःच्या घरच्या पातेल्यावर टाकून बघावं.

---

रसायनशाळा

पाना, सहमत, पण धोका रिमपुरता नाही. काही व्हील क्लीनर्समध्ये हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. पातळ असेल तर कातडीवर लगेच आग होत नाही, त्यामुळे माणूस हात धूत नाही, आणि ते आत उतरत राहतं. लेबल नसलेली बाटली हातमोज्यांशिवाय कुणालाच, वॉशिंगच्या पोरालासुद्धा, हाताळू देऊ नये.

आयर्न रिमूव्हरमध्ये थायोग्लायकोलेट असतं. ते लोखंडाला धरून पाण्यात विरघळणारं संयुग बनवतं, जांभळा रंग त्याचा. केस काढायच्या क्रीममध्ये याच कुटुंबातलं रसायन असतं, वासही तसाच सडका. हे पीएच न्यूट्रलच्या आसपास असतं, म्हणून क्लिअरकोटला सुरक्षित. पण त्वचेला सारखं लागलं तर अ‍ॅलर्जी होऊ शकते. आणि अ‍ॅसिड मारलेल्या, न धुतलेल्या चाकावर हे मारू नका, विषारी वायू निघू शकतो. ब्लीचबरोबर तर अजिबात नको. तळघरातल्या बंद पार्किंगमध्ये हे काम टाळा.

---

मोशीकर_मिस्त्री

क्रम जरा उलटा हवा असं माझं मत. दामर आधी, लोखंड नंतर. दामराचा ठिपका जिथे बसलाय त्याच्याखालचं लोखंड आयर्न रिमूव्हरला दिसतच नाही. पाण्यातलं रसायन दामरातून आत जाणार कसं?

---

रिमझिम_वारजे

मिस्त्री, मुद्दा बरोबर आहे. पण काळ्याकुट्ट रिमवर आधी टार रिमूव्हर घेऊन फडकं फिरवलं तर लोखंडाची पूड फडक्याखाली फिरते आणि ओरखडे पडतात. म्हणून आधी आयर्न रिमूव्हर, मग दामर, आणि मग जिथे दामर निघाला तेवढ्याच जागी पुन्हा थोडा आयर्न रिमूव्हर, २०-३० मिलीत चारही चाकं होतात. रिम आधीपासून बरी असेल तर तुमचा क्रम चालेल.

---

मोशीकर_मिस्त्री

ओरखड्यांचं मान्य. वास्तविक दामराचा डाग घासायचाच नसतो. रिमूव्हर लावलेलं फडकं ठिपक्यावर एक मिनिट दाबून धरा, दामर तपकिरी होऊन ओघळतो. पावसाळ्यात खड्डे बुजवल्यानंतर बॅरलच्या आतल्या बाजूला हे ठिपके ढिगाने असतात, बाहेरून दिसत नाहीत.

रॉकेल वापरू नका. दामर निघतो, पण तेलकट थर मागे राहतो आणि तो आयपीएच्या एका पुसण्यात जात नाही. पेट्रोल तर नाहीच, पार्किंगमध्ये उघडं पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण.

आणि एक महत्त्वाचं: चाक समतोल फिरावं म्हणून रिमला चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं. टार रिमूव्हर त्यांचा गोंदही सोडवतो. वजनाच्या आसपास स्प्रे करायचाच नाही, फडक्याने टिपायचं. आधी प्रत्येक वजनाच्या दोन्ही कडांना मार्करने खूण करून ठेवा. एखादी पट्टी सरकली किंवा पडली तर साधारण ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, आणि माणूस अलाइनमेंटवर पैसे घालत बसतो.

---

नटबोल्ट_नाना

वजनांचा विषय निघालाच आहे तर: टायर बदलायचे असतील किंवा बॅलन्सिंग करायचं असेल तर ते कोटिंगच्या आधी उरकून घ्या. कोटिंग झालेल्या बॅरलवर नवीन वजनाचा गोंद नीट धरत नाही. मग टायरवाल्याला तेवढी जागा घासून कोटिंग काढावं लागतं. टायर काढायच्या मशीनने रिमच्या कडेला ओरखडा आला तर तोही कोटिंगवरच येतो.

---

सोसायटीचा_सेक्रेटरी_नाही

दोन अडचणी. आमच्याकडे पाइपने गाडी धुवायला बंदी आहे. आणि पाणी टँकरचं नाहीतर बोअरचं, नुसतं सुकलं तरी काचेवर पांढरे ठिपके. उंड्रीत वेगळं काही मिळण्याची आशा नाही. बादलीवर हे काम होईल का?

---

रिमझिम_वारजे

होतं. झाडांना फवारणी करायचा २ लिटरचा पंप घ्या. एका चाकाला सगळं धरून १० लिटरच्या आसपास पाणी पुरतं. फवाऱ्याचं नोझल धारेवर ठेवा आणि वरून खाली धुवा. फक्त आयर्न रिमूव्हरच्या वेळी कंजुसी नको. नटांच्या खोबणीत आणि सेंटर कॅपच्या कडेला तो अडकतो, सुकल्यावर तपकिरी ओघळ येतो.

---

रसायनशाळा

बोअरच्या पाण्याबद्दल. खडकवासल्याचं नळाचं पाणी त्या मानाने मऊ, बोअरमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त. रिमवर ते थेंब सुकले की कार्बोनेटचा ठिपका राहतो. त्यावर कोटिंग केलं की तो ठिपका काचेखाली ठेवल्यासारखा कायम दिसत राहतो. आयपीएने तो जात नाही, कारण आयपीए तेल काढतं, क्षार नाही.

धुणं बोअरच्या पाण्याने करा, शेवटचा हात मात्र डिस्टिल्ड वॉटरचा. बॅटरीच्या दुकानात ५ लिटरचा कॅन मिळतो, चाकाला एक लिटर म्हटलं तरी चारही चाकं होऊन उरतं. एसीच्या पाइपमधून गळणारं पाणीही क्षाराच्या दृष्टीने चांगलं, फडक्यातून गाळून घ्या. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र नको. बऱ्याच घरांत ते गाडीसाठी साठवतात. शुद्ध पाण्यातून काढलेले क्षार त्यातच जमा झालेले असतात, म्हणजे ते नळापेक्षाही जड.

जुने ठिपके असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान, फडक्याने एक मिनिट, मग भरपूर पाणी. क्लिअर उडालेल्या जागी हेही नको.

सिमेंटचे शिंतोडे असतील (काँक्रीटच्या रस्त्यांची कामं चालू आहेत तोवर असणारच) तर तेच मिश्रण जास्त वेळ, दहा-दहा मिनिटं, तीन-चार वेळा लावा. नखाने किंवा ब्लेडने खरवडलं की क्लिअर निघालंच.

---

कोथरूडी_कॅलिपर

चाक काढायचं की गाडीवरच करायचं? काढायचं असेल तर सोसायटीतच जॅकवर जमेल का?

---

पेठेतला_पाना

बॅरल आतून कोट करायचं असेल तर काढावंच लागेल. गाडीवर असताना हात जातो तेवढाच भाग स्वच्छ होतो, बाकीचं नुसतं समाधान. दर्शनी भागच करायचा असेल तर काढायची गरज नाही.

काढायचं तर नीट काढा. सपाट जमीन, हँडब्रेक, पहिला गिअर, तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. पेव्हर ब्लॉकवर जॅकखाली जाड फळी घाला, नाहीतर तो तिरका होतो. गाडीबरोबर येणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर तासभर गाडी उचलून ठेवू नका, स्टँड लावा. स्टँड नसेल तर एक चाक काढून त्या जागी स्टेपनी बसवा, गाडी खाली उतरवा आणि चाकावर निवांत काम करा. वेळ लागतो, पण बिनघोर.

चाक निघालं की डिस्कवर प्लास्टिकची पिशवी चढवा. टार रिमूव्हर, सिलिकॉन, कोटिंग यांतलं काहीही डिस्कवर किंवा पॅडवर जाता कामा नये. गेलंच तर ब्रेक क्लीनरने डिस्क पुसा. पॅड भिजले असतील तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय गाडी काढू नका.

कोटिंग कुठे लावायचं नाही ते जास्त महत्त्वाचं: हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारा मागचा सपाट भाग आणि नट बसतात त्या शंकूच्या जागा. तिथे निसरडा थर आला तर टॉर्कचं (नट आवळायच्या जोराचं) गणित बिघडतं. तिथे मास्किंग टेप लावा. हबवरचा गंज ब्रशने काढा. नटाच्या आट्यांना तेल-ग्रीस लावू नका.

बसवताना हाताने आटे धरवा, मग चांदणीच्या क्रमाने आवळा, शेवटचा टॉर्क गाडी खाली उतरवून. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. आपल्याकडच्या लहान गाड्यांत साधारण ८५ ते १३० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, पण मॉडेलप्रमाणे बदलतो. पान्यावर उभं राहून उड्या मारायची पद्धत अजून चालू आहे, ती बंद करा. ५० ते १०० किलोमीटरनंतर परत एकदा तपासा.

---

कोथरूडी_कॅलिपर

स्टेपनीची युक्ती आवडली, धन्यवाद नाना... आपलं, पाना.

कोरडं करण्याबद्दल कोणीच बोललं नाही. आयपीए किती टक्क्यांचं?

---

रसायनशाळा

९९ टक्क्यांचं आयपीए आणि डिस्टिल्ड वॉटर समसमान. कोटिंगबरोबर कंपनीचा स्वतःचा प्रेप स्प्रे आला असेल तर तोच वापरा. एका फडक्याने ओलं पुसा, लगेच दुसऱ्या कोरड्याने. फडकी प्रत्येक चाकाला वेगळी.

हँड सॅनिटायझर चालणार नाही, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं. केमिस्टकडच्या सर्जिकल स्पिरिटमध्येही तेल किंवा सुगंध मिसळलेला असू शकतो. आपण तेल काढायला निघालोय, लावायला नाही. फडकी धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घातला असेल तर तीही बाद.

---

रिमझिम_वारजे

कोरडं करणं हा सगळ्यात कमी लेखलेला टप्पा. फडक्याने दिसणारं पाणी जातं. नटांच्या खोबणी, व्हॉल्व्हभोवतीची फट, सेंटर कॅप, वजनांच्या मागची जागा, टायर आणि रिमची कड, इथलं पाणी कोटिंग लावायला घेतलं की नेमकं बाहेर येतं. सेंटर कॅप काढून ठेवा. ब्लोअर असेल तर उत्तम, नसेल तर अर्धा तास पंख्यासमोर. गाडी एक चक्कर मारून पाणी उडवायचा सल्ला देतात, तो ऐकू नका. पहिल्याच ब्रेकला नवी धूळ बसते.

हवेचं थोडक्यात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी आपल्याकडे सोयीचे, पण डिसेंबरात पहाटे नको, गार रिमवर दव धरतं. मेमध्ये सावलीत आणि सकाळी, नाहीतर पुसायच्या आत थर कडक होऊन इंद्रधनुषी डाग पडतात. पावसाळ्यात दमट हवेने कोटिंग लवकर धरतं, त्यामुळे एका वेळी एक-दोन स्पोकच घ्या. चार चाकांच्या दर्शनी भागाला १०-१५ मिली भरपूर होतं. नंतर किमान १२ तास, शक्यतो २४, पाणी लागू देऊ नका. आठवडाभर केमिकल नाही, आणि टायरला उडणारं पॉलिश तर नाहीच.

काम झाल्यावर गाडी काढताना पहिल्या शंभर मीटरमध्ये हळू वेगात दोन-तीनदा ब्रेक दाबा. धुण्याने डिस्कवर आलेला गंजाचा थर निघून जातो.

---

स्टील_रिम_समर्थक

सगळे अलॉयवाले. आमच्या स्टील रिम आणि व्हील कव्हरचं काय?

---

मोशीकर_मिस्त्री

गंज नसेल तर वरचीच पद्धत. वेल्डच्या सांध्यात किंवा कडेला गंज असेल तर कोटिंगचे पैसे घालवू नका. गंज घासा, प्रायमर, रंग, मग काय ते. प्लास्टिकच्या कव्हरवर टार रिमूव्हर वापरताना आतल्या बाजूला आधी एक थेंब टाकून बघा, रंग सुटू शकतो.

---

डायमंड_कट_दुःखी

रिमच्या चकचकीत भागात क्लिअरच्या आत पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा आल्यात. आयर्न रिमूव्हर दोनदा मारला, काही फरक नाही. क्ले करू का? की कोटिंगने थांबेल?

---

पेठेतला_पाना

दोन्ही नाही. ते क्लिअरच्या खाली आहे. कुठेतरी टवका उडाला, तिथून ओल शिरली आणि अ‍ॅल्युमिनियम क्लिअरखालून गंजत चाललंय. वरून काहीही लावा, ते आत चालूच राहणार. कोटिंग केलंत तर नंतर दुरुस्तीवाल्याला तेही काढावं लागेल.

उपाय म्हणजे क्लिअर काढून सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर तो भाग पुन्हा कापायचा आणि नवीन क्लिअर. प्रत्येक वेळी धातू कमी होतो, म्हणून हे मोजक्याच वेळा करता येतं. नाहीतर सरळ पावडर कोटिंग करून चकाकीचा नाद सोडायचा. रिमला तडा किंवा वाकडेपणा असेल तर यातलं काहीच नको, रिम बदला.

---

डायमंड_कट_दुःखी

लेथनंतर लगेच कोटिंग चालेल?

---

रसायनशाळा

नवीन क्लिअर भट्टीत भाजलेलं आहे की हवेवर सुकवलेलं, ते दुकानात विचारून घ्या. भाजलेलं असेल तर पूर्ण गार झाल्यावर चालतं. हवेवर सुकवलेलं असेल तर तीन-चार आठवडे थांबा, आतला थिनर बाहेर पडायला वेळ लागतो. मधल्या काळात फक्त शाम्पू. कोटिंगच्या दिवशी आयपीए आधी स्पोकच्या मागच्या बाजूला लावून बघा. फडकं चिकटलं किंवा पृष्ठभाग मंद झाला तर आणखी पंधरा दिवस.